घोट्याजवळचा पट्टा आणि बधिर झालेला तळपाय

पायात खिळा घुसला, रक्त आलं, तरी कळलं नाही. वस्तीत कुणी असं सांगितलं की आपण "शुगर असेल" म्हणून विषय सोडून देतो. पण कारण घोट्याजवळही असू शकतं.

घोट्याच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यापासून टाचेच्या हाडापर्यंत तंतुमय ऊतींचा एक मजबूत पट्टा असतो. त्याला फ्लेक्सर रेटिनॅक्युलम म्हणतात. पट्टा आणि हाडं यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा तयार होतो, तो टार्सल टनेल. तीन स्नायूंचे कंडरे, रक्तवाहिन्या आणि टिबियल नस यातूनच तळपायात उतरतात. चालताना कंडरे जागेवरून सरकू नयेत, हे या पट्ट्याचं काम.

मात्र हा पट्टा फारसा ताणला जात नाही. मुरगळणं, हाड मोडणं, गाठ किंवा सपाट तळवा यामुळे आतली जागा कमी झाली की नस दाबली जाते. तळपायाला मुंग्या येतात, आग होते. जास्त वेळ उभं राहिल्यावर त्रास वाढतो.

आपल्याकडे आणखी एक कारण लक्षात ठेवायला हवं, ते म्हणजे कुष्ठरोग. या रोगात हीच नस घोट्याजवळ सुजते आणि अरुंद बोगद्यात आणखी चेपली जाते. तळव्याची संवेदना जाते, घाम येणं थांबतं, त्वचा कोरडी पडून भेगाळते, बोटं वाकडी होतात. मग न जाणवलेल्या जखमेवर माणूस चालत राहतो आणि व्रण होतो. कुष्ठरोगात बोटं "झडतात", हा समज चुकीचा आहे. वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बहुतेक नुकसान वेदना न कळल्यामुळे होतं. यात पाप नाही, शाप नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी वेळेचं भान ठेवावं. तळवा बधिर असेल, अंगावर न खाजणारा, संवेदना नसलेला फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तर त्या व्यक्तीला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. कुष्ठरोगावरची बहुविध औषधं तिथे मोफत मिळतात. बधिरपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड देऊन नस वाचण्याची शक्यता असते. काहींना शस्त्रक्रियेने पट्टा मोकळा करावा लागतो.

ज्यांची संवेदना गेली आहे त्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत, अनवाणी चालू नये, मऊ तळाची एमसीआर चप्पल वापरावी. आणि आपण त्यांच्यासोबत दवाखान्यात जावं. लाजेने घरी बसलेल्या माणसाला माहितीइतकीच सोबतीचीही गरज असते.