खोकल्याचें औषध आणि लघवीची परीक्षा

पेण-रोह्याकडील सुशिक्षित घरांतून हल्लीं कोणी बोटीवरील नोकरीस, कोणी परदेशीं जावयास निघतो. निघण्यापूर्वीं वैद्यकीय तपासणी होते व तींत पुष्कळदां अमली द्रव्यांसाठीं लघवीही तपासतात. ज्यानें कधीं सुपारीचें खांडही तोंडांत घातलें नाहीं, त्याच्या अहवालांत ‘अफूवर्गीय द्रव्य आढळलें’ असा शेरा आला तर घरावर केवढा आघात होईल! म्हणून या विषयाचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्राथमिक परीक्षा द्रव्याची नेमकी ओळख पटवीत नाहीं. मिळत्याजुळत्या घडणीच्या द्रव्यानेंही ती फसूं शकते. क्षयावरील रिफॅम्पिसिन व लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखीं जंतुनाशकें कांहीं परीक्षांत अफूचा, तर सर्दीवरील स्यूडोएफेड्रिन अँफेटॅमिनचा भास उत्पन्न करतें. कोडीनची गोष्ट निराळी. खोकल्याच्या कांहीं औषधांत तें असतें आणि शरीरांत त्याच्या कांहीं अंशाचें मॉर्फीनच बनतें. तेथें परीक्षा खोटी नसते. अनारशांवरची खसखसही, भरपूर खाल्ल्यास, मॉर्फीनचा अंश दाखवूं शकते.

२०१९ सालच्या फेब्रुवारींत मुंबईचा तरुण फलंदाज पृथ्वी शॉ याच्या लघवीचा नमुना इंदूर येथें घेण्यांत आला व त्यांत टर्ब्युटालिन सांपडलें. आपण खोकल्यासाठीं औषध घेतलें होतें, हा त्याचा खुलासा क्रिकेट नियामक मंडळानें मान्य केला. तरीही आठ महिन्यांची बंदी चुकली नाहीं. हेतु शुद्ध असला तरी निषिद्ध द्रव्य शरीरांत होतेंच.

यावरून बोध काय घ्यावा? एकाच्या बाटलींतील चमचाभर औषध दुसऱ्यास देण्याची आपल्या घरांतील चाल सोडावी. डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी व घेतलेल्या औषधांची यादी नमुना देतांनाच द्यावी. तपासणीच्या भीतीनें मात्र चालू औषध, विशेषतः क्षयाचें, परस्पर बंद करूं नये. शेरा प्रतिकूल आल्यास मास स्पेक्ट्रोमेट्रीची खात्रीची परीक्षा मागावी. नुसता भास असेल तर तो तींत उघड होतो. कोडीनसारखें द्रव्य खरोखरच घेतलें असेल, तेथें चिठ्ठीच उपयोगी पडते. खेळाडूंनीं तर निषिद्ध द्रव्य असलेल्या औषधास आधींच रीतसर सूट मागावी.

आणि वडीलधाऱ्यांस एक विनंती: कागदावरील एका शब्दानें मुलास दोषी ठरवूं नका. आधीं औषधांचें कपाट उघडून पहा.