कानाला न कळणारं स्पेलिंग

मोहालीची एयरोसिटी चंदीगडच्या विमानतळाजवळच आहे. इथे संध्याकाळी आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं माझ्याकडून निबंध तपासून घेतात. या परीक्षेत लेखनाचे चार निकष असतात आणि स्पेलिंग त्यांतल्या शब्दसंपत्तीत धरलं जातं. ऐकण्याच्या 40 प्रश्नांत तर स्पेलिंग चुकलं की गुण गेलाच.

साधी चूक लगेच दिसते. फसवतात ते जुळे शब्द. लिहिलेला शब्द स्वतः बरोबर असतो, फक्त त्या वाक्यातला नसतो. संगणकाची लाल रेघही तिथे बऱ्याचदा उमटत नाही, आणि परीक्षेत ती सोयच नाही.

मी आधी वाक्य मोठ्याने वाचायला लावते. सल्ला म्हणजे ॲडव्हाइस, सल्ला देणं म्हणजे ॲडव्हाइझ. सैल ते लूस, हरवणं ते लूझ. आपण सगळ्यालाच 'लूज' म्हणतो, म्हणून 'ओ' एक की दोन यावर हात अडतो. उच्चार सुधारला की या जोड्या बऱ्याच सुटतात.

प्रिन्सिपल (मुख्याध्यापक की तत्त्व) आणि स्टेशनरीत मात्र कानाचा उपयोग नाही. 'दिन' आणि 'दीन' बोलताना सारखेच ऐकू येतात, वेलांटी अर्थ पाहूनच द्यावी लागते, तसंच इथे. स्टेशनरीची गोष्ट मुलं मन लावून ऐकतात. मध्ययुगीन युरोपात पुष्कळ विक्रेते गावोगाव फिरत. विद्यापीठाजवळ कायमचं दुकान मांडून पुस्तकं विकणारा, एका जागी स्थिरावलेला, तो स्टेशनर. म्हणजे वह्या-कागद आणि उभी गाडी, दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातले. कागदाच्या शब्दात एन्व्हलपचा 'ई', थांबलेल्या गाडीच्या शब्दात 'ए'.

अफेक्ट-इफेक्टला एकच प्रश्न विचारायचा: इथे क्रियापद हवं की नाम? क्रियापदाला 'ए', नामाला 'ई'. 'इफेक्ट' क्वचित 'घडवून आणणं' या अर्थाने क्रियापदही होतो, पण ते सुरुवातीला मी सांगत नाही.

पुस्तकांत या जोड्या शेजारी शेजारी छापतात. मला ती पद्धतच चुकीची वाटते. दोन्ही शब्द एकदम समोर आले की आजवर बरोबर लिहिणारी मुलगीसुद्धा चाचपडू लागते. म्हणून मी एकच शब्द घेते, त्याची वाक्यं करून घेते आणि निबंधात तो न अडखळता उतरू लागला की मगच त्याच्या जुळ्याला हात घालते.