वाइन गाळायची नव्हे, निवळायची!

प्रतिनिधी, मुंबई

नाताळ जवळ आला की वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन कुटुंबांत आणि गोव्यातील अनेक ख्रिस्ती घरांत चिनी मातीच्या बरण्या माळ्यावरून खाली उतरतात. काळी द्राक्षे किंवा मनुका, साखर, थोडे यीस्ट, कुठे मूठभर गहू; रोज लाकडी पळीने ढवळणे आणि तीन आठवड्यांनी मलमलीच्या कापडातून गाळून बाटल्या भरणे, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. पाककृती बहुधा येथेच संपते. वाइन मात्र बऱ्याचदा येथूनच बिघडू लागते. बाटलीच्या तळाशी चिखल साचतो, रंग मळकट होतो आणि काही आठवड्यांत चव शिरक्याकडे झुकते. दोष द्राक्षांना किंवा यीस्टला दिला जातो. प्रत्यक्षात तो असतो एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतण्याच्या त्या पाच मिनिटांचा.

कापड का पुरत नाही?

साली आणि बिया वेगळ्या करण्यासाठी पहिल्यांदा कापड वापरणे योग्यच आहे. त्या वेळी किण्वन सुरू असते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो आणि द्रवात शिरलेला थोडाफार प्राणवायू यीस्ट स्वतःच वापरून टाकते. प्रश्न उद्‌भवतो तो किण्वन मंदावल्यावर. तळाशी बसणारा साका मुख्यतः यीस्टच्या मृत पेशींचा आणि फळाच्या सूक्ष्म कणांचा असतो. यीस्टची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. कापडाची छिद्रे त्याहून कितीतरी मोठी असल्याने हा साका सहज आरपार जातो. वाइन गाळली जाते, पण स्वच्छ होत नाही.

दुसरीकडे, वरून धार सोडल्याने वाइनमध्ये हवा मिसळते. अल्कोहोलचे ॲसेटिक आम्लात, म्हणजे शिरक्यात, रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना नेमका हाच प्राणवायू हवा असतो. वाइन आंबण्यामागे सूक्ष्मजीव असतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिले. वाइनवरील त्यांचा ग्रंथ १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. उलट, हवेच्या भीतीने वाइन जाड साक्यावर महिनोन्‌महिने तशीच ठेवली, तर मृत पेशी विघटित होऊन कडवटपणा आणि कुजक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. म्हणजे साका दूर करायचा, पण हवा लागू द्यायची नाही. या दुहेरी पेचावर जुने आणि स्वस्त उत्तर आहे ते वक्रनलिकेचे, म्हणजेच सायफनचे.

नळी चालते कशी?

वक्रनलिकेचे तत्त्व मराठी घरांना नवे नाही. वसुदेव-कृष्णाचा पितळी पेला अनेकांनी पाहिला असेल. पाणी कृष्णाच्या पायाला लागले की पेला आपोआप रिता होतो. ही किमया पेल्यात दडवलेल्या वाकड्या नळीची. नळी द्रवाने पूर्ण भरलेली असेल आणि तिचे बाहेरचे तोंड वरच्या भांड्यातील द्रवाच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर द्रव आधी वर चढून मग खाली वाहतो. दोन्ही भांड्यांतील पातळी सारखी झाली की प्रवाह थांबतो. वरच्या भांड्यात नळी किती खोल बुडवली आहे, यावर वेग ठरत नाही; तो ठरतो पातळ्यांमधील फरकावर. हा फरक ३० सेंटिमीटर असेल, तर सैद्धांतिक वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर येतो. नळीतील घर्षणामुळे प्रत्यक्षात तो बराच कमी असतो.

हे घडवतो कोण, हवेचा दाब की गुरुत्वाकर्षण? ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने १९११ पासून याचे श्रेय हवेच्या दाबाला दिले होते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन ह्यूज यांनी २०१० मध्ये ही चूक दाखवून दिली. द्रव खेचते ते गुरुत्वाकर्षण. हवेचा दाब नळीतील स्तंभ तुटू न देण्याचे काम करतो. म्हणूनच समुद्रसपाटीवर सामान्य वक्रनलिकेने पाणी सुमारे १० मीटरपेक्षा वर चढवता येत नाही.

या तत्त्वाचा वाइनशी थेट संबंध आहे. नळीच्या सर्वांत उंच वळणावर दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. वाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्यास तो तेथे सोड्याच्या बाटलीप्रमाणे बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. बुडबुडे साचले की धार तुटते. त्यामुळे किण्वन शांत होऊ द्यावे आणि वळण बरणीच्या काठापेक्षा फार उंच ठेवू नये.

कृतीतील बारकावे

बरणी आदल्या दिवशीच टेबलावर ठेवावी, म्हणजे हलवताना उठलेला साका पुन्हा खाली बसतो. रिकामे भांडे जमिनीवर ठेवावे. नळी पारदर्शक आणि खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा दर्जाची असावी. ती एका स्वच्छ काडीला अशी बांधावी, की तिचे तोंड साक्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर राहील. दुसरे टोक खालच्या भांड्याच्या तळापर्यंत पोहोचले पाहिजे. धार वरून पडता कामा नये, हा या कामातला कळीचा मुद्दा.

नळी तोंडाने ओढण्याची सवय सोडावी. रॉकेल ओढताना ती जिवावर बेतू शकते. वाइनच्या बाबतीत तोंडातील जिवाणू थेट बरणीत जाण्याचा मार्ग खुला होतो. त्याऐवजी उकळून थंड केलेल्या पाण्याने नळी भरावी, दोन्ही टोके अंगठ्याने बंद करावीत, एक टोक वाइनमध्ये बुडवावे आणि दुसरे खाली नेऊन सोडावे. सुरुवातीचे पाणी वेगळ्या पेल्यात काढून घ्यावे. शेवटी बरणी अलगद कलती करावी आणि साका नळीकडे सरकताना दिसताच नळी चिमटून प्रवाह थांबवावा. तळाची वाटीभर वाइन गेली तरी चालेल. तिच्या लोभात वरची सगळी गढूळ होते.

नवे भांडे गळ्यापर्यंत भरलेले असावे, कारण रिकामी जागा म्हणजे हवाच. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा साका बसला, तर हीच कृती पुन्हा करावी. बुडबुडे पूर्ण थांबण्यापूर्वी बाटल्यांना घट्ट बूच लावू नये. आत साचलेल्या वायूने बाटली फुटू शकते.

२००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिक परिसरात बहरलेल्या वाइन उद्योगातही हीच पायरी असते. तेथे नळीच्या जागी पंप आणि बरणीच्या जागी पोलादी टाक्या असतात, इतकेच. हवेला दूर ठेवण्यासाठी टाकीत नायट्रोजनसारखा वायू सोडण्याची पद्धतही आहे.

कायद्याची चौकट

एक गोष्ट विसरून चालणार नाही. पूर्वी मुंबई दारूबंदी कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९४९ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे आणि वाइनही मद्यातच मोडते. इतर राज्यांत आणि देशांत नियम वेगळे आहेत. त्यामुळे बरणी काढण्यापूर्वी आपल्या भागातील नियम तपासलेले बरे. वक्रनलिकेला मात्र कसलाच परवाना लागत नाही. घरचा शिरका असो, फळांचे सरबत असो की मत्स्यपेटीतील पाणी. साका न ढवळता वरचे निवळ काढून घ्यायचे असेल, तर हीच साधी नळी उपयोगी पडते.