चॉकलेट घडविणाऱ्यास काय म्हणावें?

सोनें घडवितो तो सोनार, लोखंड घडवितो तो लोहार. मग चॉकलेट घडविणाऱ्यास काय म्हणावें? आसनगांव-शहापुराकडील एखाद्या गृहिणीनें घरीं चॉकलेटच्या वड्या करून विकावयाचें मनांत आणलें, तर पाटीवर कोणता शब्द लिहावा, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं.

फ्रेंच भाषेंत अशा कारागिरास 'शोकोलातिए' म्हणतात. त्यांतील धंदावाचक प्रत्यय लॅटिन 'आरिउस'पासून आलेला आहे. आपल्याकडे हेंच काम संस्कृत 'कार' करितो. सुवर्णकाराचा सोनार झाला, कुंभकाराचा कुंभार. 'हलवाई' हा शब्द मात्र अरबी 'हल्वा' म्हणजे गोड पदार्थ, यावरून निघाला. खुद्द 'चॉकलेट' हा शब्द मेक्सिकोंतून स्पॅनिश लोकांमार्फत युरोपांत गेला. त्याच्या मूळ रूपाविषयीं पंडितांत एकमत नाहीं.

मराठींत गंमत निराळीच झाली. साखरेच्या साध्या गोळीसही आपण सर्रास 'चॉकलेट' म्हणतों. तेव्हां खऱ्या चॉकलेटास वेगळें नांव हवें होतें. तें मुलांनीं 'कॅडबरी' या नांवांत शोधलें. जॉन कॅडबरी यांनीं १८२४ सालीं बर्मिंगहॅम येथें दुकान काढलें. त्यांच्या नांवाची कंपनी १९४८ सालीं भारतांत आली. तिच्या कारखान्यामुळें ठाण्यांत 'कॅडबरी नाका' झाला. तेथून नाशिककडे निघालेला महामार्ग पुढें आसनगांवावरून जातो. अशा रीतीनें करणाऱ्याचें नांव केलेल्या वस्तूस चिकटलें आणि करणारा बिननांवाचा राहिला!

या धंद्यांत कामें दोन आहेत. आंबवून वाळविलेल्या कोकोच्या बिया भाजून व दळून चॉकलेट सिद्ध करणें हें एक. तयार चॉकलेट वितळवून सांच्यांत ओतणें, त्यांत बदाम-मनुका घालणें हें दुसरें. फ्रेंच शब्द विशेषेंकरून दुसऱ्या कामास लावतात. त्यांत कमीपणा नाहीं. सोनार कांहीं खाण खणीत नाहीं, कीं हलवाई गाई पाळीत नाहीं.

परंतु बाजारांत 'कंपाउंड' नांवाची स्वस्त लादीही मिळते. तींत कोकोच्या लोण्याऐवजीं दुसरा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ असतो. ती वापरणें गैर नव्हे. तिची वडी शुद्ध चॉकलेट म्हणून विकणें मात्र मुलाम्याचा दागिना सोन्याच्या भावानें विकण्यासारखेंच आहे.

'वाला' म्हणजे विकणारा. 'कार' म्हणजे करणारा, अर्थात् मालाची जबाबदारी घेणारा. आमच्या मतें 'चॉकलेटकार' हा शब्द मराठीस शोभेल. मात्र जी तो पाटीवर लिहील, तिनें वेष्टनावर आंत काय आहे तेंही स्पष्ट लिहावें.