विश्लेषण : जुन्या ट्रकला मूळ इंजिन बांधावे की नवे बसवावे?

आलापल्लीच्या जंगलातील सागवान बल्लारपूरच्या आगारात आणणाऱ्या लांब नाकाच्या ट्रकची एक पिढी चंद्रपूर-गडचिरोलीने पाहिली. त्यातले बहुतेक भंगारात गेले. पण ज्यांच्या दारात वडिलांच्या काळातला असा ट्रक अजून उभा आहे, त्यांना इंजिनाने काम काढले की एकच प्रश्न पडतो. जुनेच इंजिन पुन्हा बांधायचे, की एखाद्या नव्या ट्रकचे उतरवून बसवायचे? गॅरेजमध्ये या प्रश्नाचे उत्तर ताकद आणि मायलेजवर दिले जाते. पण आधी आरसी बुक उघडावे लागते, आणि मग ट्रक बंद पडल्यावर मिस्त्री किती किलोमीटरवर मिळेल, ते पाहावे लागते.

जुन्या ट्रकमध्ये कोणते इंजिन असते?

टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. हा करार १९६९ मध्ये संपला, पण इंजिनाचा वंश टाटाच्या ट्रकमध्ये पुढे अनेक वर्षे राहिला. मिस्त्रींच्या तोंडी असलेले ‘सहाशे ब्याण्णव’ आणि ‘सहाशे सत्त्याण्णव’ हे आकडे त्याच वंशाचे आहेत. पहिला अंक सिलिंडरची संख्या सांगतो आणि पुढचे दोन अंक बोअरचे मिलिमीटर. म्हणजे ६९२ हे सहा सिलिंडरचे, ९२ मिलिमीटर बोअरचे, सुमारे ४.८ लिटरचे इंजिन. ६९७ मध्ये बोअर ९७ मिलिमीटर आणि क्षमता सुमारे ५.७ लिटर. १९९३ मध्ये टाटा-कमिन्सची भागीदारी झाली आणि ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन टाटाच्या ट्रकमध्ये आले. अदलाबदलीच्या गप्पा प्रामुख्याने या तीन इंजिनांभोवती फिरतात.

नव्या इंजिनाचा फायदा काय?

फायदा खराच आहे. टर्बो असलेले इंजिन कमी फेऱ्यांत जास्त ओढ देते, धूर कमी सोडते आणि त्याच डिझेलमध्ये जास्त पल्ला गाठते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत चंद्रपूरचे नाव होते. त्यामुळे इथे धुराचा मुद्दा किरकोळ मानता येत नाही.

पण ‘नवे’ इंजिन नेमके कुठले, हे आधी ठरवावे लागते. १९९० च्या दशकातले यांत्रिक पंपाचे इंजिन ही एक गोष्ट आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाचे इंजिन ही अगदी वेगळी गोष्ट. दुसऱ्यासोबत संगणक, डझनभर सेन्सर, धूर गाळणारी यंत्रणा आणि युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी येते. यातले काही काढून टाकले तर ते इंजिन त्या मानकाचे राहत नाही.

मग अडचण कुठे येते?

पहिली अडचण डिझेलची. जुन्या इंजिनाचा नोझल साधारण २०० बार दाबाला उघडतो. कॉमन रेल इंजिनात हाच दाब १६०० बारच्या पुढे जातो. ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलमध्ये थोडे पाणी किंवा गाळ असला तर जुने इंजिन खोकत का होईना, घरी पोहोचवते. नव्याचा इंजेक्टर तिथेच जातो.

दुसरी अडचण अंतराची. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटणे ही गडचिरोलीतली पावसाळ्याची नेहमीची बातमी. अशा रस्त्यावर सेन्सर बिघडला तर स्कॅनर आणि सुटा भाग दोन्ही येईपर्यंत ट्रक उभा राहतो. पाना-स्क्रू ड्रायव्हरवर उघडणारे इंजिन तिथल्या तिथे सुरू करता येते.

तिसरी अडचण बाकीच्या गाडीची. क्लच, गिअर बॉक्स, जॉइंट आणि मागचे हाउसिंग मूळ इंजिनाच्या ताकदीला बेतलेले असते. ओढ वाढली की पुढचा कमजोर दुवा तुटतो. त्याहून गंभीर बाब ब्रेकची. इंजिन नवे आणि ब्रेक पन्नास वर्षांपूर्वीचे, अशा भरल्या ट्रकचा वेग वाढतो, पण थांबण्याची क्षमता वाढत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. इंधनाचा प्रकार बदलणारे संच वगैरेंसाठी अपवाद आहेत. इंजिन त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे असले, तरी ते बदलण्याआधी परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. दहा किंवा अधिक परिवहन वाहने असलेल्या मालकाला राज्य सरकार यातून सूट देऊ शकते, पण त्यालाही १४ दिवसांत बदल कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर वित्तपुरवठादाराची लेखी संमती हवी. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले.

म्हणजे ६९२ च्या जागी ६९७ बसवणे गॅरेजमध्ये सोपे वाटले तरी कागदावर घन क्षमता बदलते. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. खरा धोका अपघातानंतरचा आहे. इंजिन क्रमांक आरसीशी जुळला नाही, तर विम्याचा दावा अडतो आणि नुकसानभरपाईचा बोजा मालकाच्या घरावर येऊ शकतो.

‘व्हिंटेज’ नोंदणीचा आधार मिळतो का?

ट्रकला नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची क्रमांकपट्टी आणली. पण ती दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहे, मालवाहू वाहनांसाठी नाही. शिवाय तिची अटच अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. हौशी मालकाने एवढे लक्षात घ्यावे, की मूळ इंजिन गेले तर जुन्या गाडीचे मोलही जाते.

मालकाने नेमके काय करावे?

आधी धूर पाहावा. काळा धूर बहुधा नोझल, पंप किंवा एअर फिल्टरकडे बोट दाखवतो. तेवढ्यासाठी इंजिन उतरवायची गरज नसते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंग-लाइनर तपासावेत. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट पाहावे. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. ब्लॉक आणि क्रँक सुस्थितीत असतील, तर लाइनर-पिस्टन बदलून, क्रँक घासून, पंप कॅलिब्रेट करून तेच इंजिन पुन्हा बांधणे सर्वांत सुरक्षित. क्रमांक तोच राहतो, कागद तेच राहतात.

ब्लॉक फुटला असेल तर त्याच मेकचे, त्याच प्रकारचे इंजिन शोधावे. विकणाऱ्याकडून बिल आणि ज्या गाडीतून ते उतरवले तिची कागदपत्रे घ्यावीत. आधी परिवहन कार्यालयात अर्ज, मग गॅरेज, हा क्रम उलटू नये. वाचलेला पैसा ब्रेक, स्टेअरिंग आणि वायरिंगवर लावावा.

आणि ट्रक रोजच्या भाड्यावर चालवायचा असेल तर?

मग हिशेब वेगळा. आठ वर्षांवरील परिवहन वाहनाला दरवर्षी पासिंग करावे लागते आणि वयाबरोबर शुल्कही चढते. रोजीरोटी त्या ट्रकवर असेल, तर जुन्या चॅसीत नवे इंजिन घालण्यापेक्षा जुना ट्रक नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन नवा घेणे बरे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत अशा प्रमाणपत्रावर परिवहन वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. नवे इंजिन हवे असेल, तर ते ज्या गाडीसाठी बनले त्या गाडीतच घ्यावे. आणि वडिलांचा ट्रक ठेवायचाच असेल, तर तो त्याच्या मूळ इंजिनासह, कमी वजनावर आणि पूर्ण कागदांनिशी ठेवावा.