कमरेला पिस्तूल, आणि आधी दोन निरोप

काम सुरू होतं ते हॉटेलच्या दारावरच्या पाट्या वाचण्यापासून. टेक्सासात मालकाला आपल्या जागेत कमरेला उघडं लावलेलं पिस्तूल नको असेल, तर तो ‘30.07’ची पाटी लावतो. झाकलेल्या पिस्तुलासाठी ‘30.06’ची. दोन्ही आकडे तिथल्या दंडसंहितेतल्या कलमांचे. मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत लागतो आणि अक्षरं निदान एक इंच उंच. जिथे निम्म्याहून जास्त कमाई दारूची, तिथे तांबडा ‘51%’ दिसतो. तिथे पिस्तूल न्यायचंच नाही. ह्यूस्टनच्या उपनगरात आमच्या शेजारी राहणारे निवृत्त गृहस्थ असल्या पाट्या गाडीत बसूनच वाचतात आणि पुढे निघतात. “पाटी दिसली की हुज्जत नाही. गावात हॉटेलं काय कमी आहेत?”

ते ‘ओपन कॅरी’वाल्यांची जेवणं ठरवतात. दहा-बारा माणसं, प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल, आणि मध्ये बर्गर. टेक्सासात 2016 च्या जानेवारीपासून परवाना असलेल्याला पिस्तूल असं उघड बाळगता येऊ लागलं. 2021 च्या सप्टेंबरपासून तर 21 वर्षांवरच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही. उघड लावायचं तर ते होल्स्टरमध्ये हवं, इतकंच. जेवायला जमण्याआधी कुणाला कळवावं असं कायदा कुठेही म्हणत नाही. आमच्याकडे मंडळाच्या कार्यकर्त्याला मांडवाआधी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, त्या परवानगीसाठी. इथे परवानगीचा प्रश्नच नाही. तरी हे गृहस्थ दोन ठिकाणी निरोप देतात, आणि ते कसे देतात हे बघायला मी त्यांच्याबरोबर गेलो.

पहिला निरोप मॅनेजरला. फोनवर नाही, समक्ष. आणि त्या दिवशी पिस्तूल घरी ठेवून. कारण त्यांनीच सांगितलं: “कमरेला हत्यार लावून ‘चालेल का’ विचारलं, तर समोरचा मोकळेपणाने नाही म्हणेल का?” मला त्यांची ही एक गोष्ट सगळ्यांत पटली. किती माणसं, कुठला वार, किती वाजता, हे ते सांगतात. शक्यतो मंगळवार, दुपारची गर्दी ओसरल्यावर. टेबल कोपऱ्यातलं मागतात, म्हणजे बऱ्याच जणांची पिस्तुलाची बाजू भिंतीकडे राहते. मॅनेजरने नुसती चुळबुळ केली तरी तो नकार समजायचा. कायद्याच्या बाजूनेही त्यात शहाणपण आहे. पाटी ओलांडून आत गेल्यास 200 डॉलरपर्यंत दंड होतो. पण तोंडी ‘बाहेर जा’ सांगूनही बसून राहिलं, तर तो बराच मोठा गुन्हा ठरतो.

दुसरा निरोप पोलिसांना, 911 या आणीबाणीच्या नंबरावर नव्हे, तातडी नसलेल्या कामांसाठीच्या नंबरावर. “मी परवानगी मागत नाहीये, माहिती देतोय,” हे वाक्य पहिलंच. मग पत्ता, वेळ, माणसांचा अंदाज, फक्त पिस्तुलं, रायफल एकही नाही, आणि स्वतःचा मोबाइल. हे सगळं त्या पोरीसाठी किंवा पोरासाठी, जो त्या वेळी 911 चा फोन उचलणार. कुणीतरी घाबरून सांगणार, “इथे बंदूकवाले आहेत!” तेव्हा पत्त्यापुढे टीप असली, तर पुढचा प्रश्न शांतपणे विचारता येतो: बंदूक हातात आहे की होल्स्टरमध्ये? पाळी बदलली की सकाळचा निरोप वाटेतच राहतो, म्हणून ते जेवणाच्या तासभर आधी पुन्हा फोन करतात.

त्यांच्याच गोटात काहींना हे खपत नाही. हक्क बजावायला निरोप कसला, असं ते म्हणतात. शेजारी त्यांना 2014 ची आठवण करून देतात. तेव्हा टेक्सासात पिस्तूल उघडं नेता येत नव्हतं, रायफल मात्र नेता येत होती. म्हणून काही मंडळी खांद्याला रायफली लावून खाण्याच्या दुकानांत शिरली. फोटो पसरले, आणि त्या मे महिन्यात चिपोटले या हॉटेलांच्या साखळीने गिऱ्हाइकांना जाहीर विनंती केली की बंदुका आणू नका. स्टारबक्सने तशीच विनंती 2013 मध्येच केली होती. गल्ल्यावरच्या माणसाला न सांगता असल्या वादात ओढलं की तो दुसऱ्या बाजूला जातो, हे सांगायला पुढारी लागत नाही.

जेवणाच्या दिवशी मीही त्यांच्या टेबलावर होतो, रिकाम्या कमरेने. नियम मोजकेच. होल्स्टरला पकड हवी, नुसतं खोचलेलं चालणार नाही. पिस्तुलाला हात लावायचा नाही, ‘बघू तुझं’ म्हणून टेबलावर काढायचं तर नाहीच. दारू नाही. संडासात काढून टाकीवर ठेवायचं नाही (हा नियम कशावरून आला असेल ते मी विचारलं नाही). टिप भरघोस. गप्पा मात्र बहुतेक गुडघेदुखीच्या आणि मासेमारीच्या.

माझ्यासारख्या सावळ्या माणसाच्या कमरेला हेच पिस्तूल असतं, तर निरोपाचा एवढाच उपयोग झाला असता का, हा विचार मनातून जाईना. 1967 च्या मे महिन्यात सॅक्रामेंटोला, कॅलिफोर्नियाच्या विधान भवनात, ‘ब्लॅक पँथर्स’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक उघड बंदुका घेऊन गेले, आणि त्याच वर्षी त्या राज्याने भरलेली बंदूक रस्त्यावर बाळगायला बंदी घातली. त्या विधेयकावर सही गव्हर्नर रेगन यांची. शेजाऱ्यांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे,” आणि कॉफी ढवळत राहिले.

तेवढ्यात एक बाई लहान मुलाला घेऊन दारातून आत आली. तिने आमचं टेबल पाहिलं, मुलाचा खांदा धरला आणि तशीच मागे वळली. मॅनेजरला कळवलं होतं, पोलिसांना कळवलं होतं. तिला कुणी कळवलं होतं? शेजाऱ्यांनी हे पाहिलं होतं. बिल देताना त्यांनी मॅनेजरला सुचवलं की पुढच्या वेळी त्या दोन तासांपुरती दारात एक छोटी पाटी लावू, म्हणजे येणाऱ्याला आधी कळेल. मॅनेजरने मान हलवली. “तुम्ही दहा जण या, हरकत नाही. पण असली पाटी मी लावली, तर बाकीचे चाळीस यायचे नाहीत.”