शोधनिबंधावर नसलेले नाव

कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात १९५०च्या दशकात मानसशास्त्र विभागाने केलेले काम आज या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत हटकून भेटते. त्या काळातले गाजलेले शोधनिबंध काढून पाहिले, तर लेखकांमध्ये विभागाचे सूत्रधार डोनाल्ड हेब यांचे नाव बहुतेक ठिकाणी दिसत नाही. या विभागाच्या यशाचे मर्म मला तिथेच दिसते.

हेब एकेकाळी शाळामास्तर होते. हार्वर्डची पीएच.डी. करून आणि काही वर्षे चिंपांझींवर संशोधन करून ते १९४७ साली मॅकगिलला आले. एकत्र उद्दीपित होणाऱ्या चेतापेशींमधला दुवा वारंवारच्या वापराने पक्का होतो आणि शिकण्याचे मूळ त्यातच असते, हा त्यांचा सिद्धान्त. तो मांडणारे पुस्तक १९४९ साली छापून आले. पण त्याआधीच मजकुराच्या सायक्लोस्टाइल प्रती सेमिनारमधल्या विद्यार्थ्यांच्या हातात होत्या. प्रसिद्ध न झालेला विचार विद्यार्थ्यांपुढे तपासायला ठेवायचा, याला धैर्य लागते.

त्या सेमिनारला ब्रेंडा मिलनर येत. हेब यांनी त्यांना मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांच्या रुग्णांचा अभ्यास करायला पाठवले. पुढे हार्टफर्डचे शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांच्या एका रुग्णाची हकीकत मिलनर यांना कळली. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ साली या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग दोन्ही बाजूंनी काढला होता. बुद्धी शाबूत, बोलणे नीट. पण नवे काही मनात टिकेना. मिलनर रेल्वेने मॉन्ट्रियलहून हार्टफर्डला जात. त्यांनी त्याला दुहेरी रेषांनी काढलेली चांदणी दिली. दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात आणि कागद पाहायचे फक्त आरशात. सुरुवातीला कोपऱ्याकोपऱ्यावर पेन्सिल भरकटे. तीन दिवसांत चुका झपाट्याने कमी झाल्या. हे काम आपण आधी केले आहे, याची मात्र त्याला आठवण नव्हती! हात शिकला होता, माणसाला ठाऊक नव्हते. स्मृती एकाच प्रकारची नसते, हे त्या चांदणीने दाखवले. या रुग्णाच्या विस्मृतीवरच्या १९५७च्या प्रसिद्ध निबंधावर नावे आहेत ती स्कोव्हिल आणि मिलनर यांची.

त्याच हिप्पोकॅम्पसमध्ये जागेची नोंद ठेवणाऱ्या पेशी शोधणारे जॉन ओ'कीफ यांची पीएच.डी.ही याच विभागातली, १९६७ची. त्यांना २०१४ साली नोबेल मिळाले.

ब्रेंडा यांचे पती पीटर मिलनर आधी अभियंता, मग हेब यांचे विद्यार्थी. हार्वर्डहून आलेल्या जेम्स ओल्ड्सबरोबर त्यांनी उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवला. तो ठरवलेली जागा चुकून भलतीकडेच गेला आणि उंदीर विद्युत्प्रवाह मिळालेल्या कोपऱ्याकडे पुन्हा पुन्हा परतू लागला. सुखाशी जोडलेल्या मेंदूतल्या यंत्रणेचा माग असा लागला. उंदीर विचित्र वागला म्हणून प्रयोग टाकून दिला नाही, याचे श्रेय मोठे आहे. १९५४च्या या निबंधावरही हेब नाहीत.

या विभागाचे सगळेच काम निर्मळ नव्हते. कॅनडाच्या संरक्षण संशोधन मंडळाच्या पैशावर विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन डोळे, कान, स्पर्श बंद ठेवून पडून राहायला सांगितले गेले. काहींना भास होऊ लागले. अशा ज्ञानाचा कैद्यांच्या चौकशीसाठी गैरवापर होऊ शकतो, ही चिंता पुढे खरी ठरली. त्या विभागाचा गौरव करताना हेही लिहायलाच हवे.

याच विभागात शिकलेल्या रोनाल्ड मेलझॅक यांच्याबद्दल मला विशेष आदर आहे. लहानपणापासून एकटे वाढवलेले कुत्रे पेटत्या काडीला नाक लावतात, चटका बसतो, तरी पुन्हा हुंगायला येतात, हे त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले. म्हणजे वेदना ही नुसती जखमेकडून मेंदूकडे जाणारी तार नव्हे. पूर्वानुभव तिला आकार देतो. पॅट्रिक वॉल यांच्यासह १९६५ साली त्यांनी सिद्धान्त मांडला, की मज्जारज्जूत जणू एक दार असते आणि मेंदू ते कमी-जास्त उघडू शकतो. वेदनेवरच्या उपचारांची दिशाच त्याने बदलली. त्याआधी, पीएच.डी.नंतर ओरेगॉनमध्ये काम करत असताना, रुग्ण दुखण्याचे वर्णन करताना जे शब्द वापरतात, ते त्यांनी मनापासून ऐकले आणि गोळा केले. ठणका, चमक, आग, कुरतडल्यासारखे. पुढे ते मॅकगिलला प्राध्यापक असताना, १९७५ साली, त्यातून प्रश्नावली सिद्ध झाली : ७८ शब्द, २० गट, आणि आपल्या दुखण्याला लागू पडेल त्या शब्दावर खूण करणारा रुग्ण स्वतः.